परदेशी कर्ज, व्यापार करार आणि आपला माल : सांगली-साताऱ्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतकरी उत्पादक कंपन्यांचे हिशेब आणि प्रस्ताव पाहण्याचे माझे काम सांगलीत चालते. तासगाव, कवठेमहांकाळ, आटपाडी, पलूस, इकडे कोरेगाव-वाईपर्यंतचे संचालक येतात, बेदाण्याचे अडते येतात, कुपवाडचे छोटे कारखानदार येतात, आणि थोड्याफार फरकाने तेच ते विचारतात. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच बोलीत ठेवले आहेत. प्रकल्पांच्या तारखा आणि अटी बदलत राहतात, म्हणून अर्ज करायच्या दिवशी त्या त्या कार्यालयात एकदा विचारूनच घ्या.

"आंतरराष्ट्रीय भागीदारी" म्हणजे नेमकं कोण कुणाबरोबर?

पेपरात हा शब्द निरनिराळ्या गोष्टींसाठी सरसकट वापरतात आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. विकास बँकांची कर्जे ही त्यातली एक गोष्ट. वॉशिंग्टनची जागतिक बँक, मनिलाची आशियाई विकास बँक म्हणजे आपण जिला एडीबी म्हणतो ती, आणि रोमची आयफाड, म्हणजे आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधी. यांच्या पैशावर राज्यात प्रकल्प चालतात. देशादेशांतले व्यापार करार ही अगदी वेगळी गोष्ट. त्यात कुणी कुणाला पैसे देत नाही, एकमेकांच्या मालावरचे आयातशुल्क कमी करतात. या दोन्हींच्या बातम्या होतात. परदेशी खरेदीदाराच्या अटींची बातमी कधी होत नाही, पण शिवारात सगळ्यात जास्त जाणवतात त्या याच. औषधाचा उर्वरित अंश किती, मण्याचा आकार किती, पेटीवर प्लॉटचा नंबर आहे की नाही. शेड झाली, शुल्क शून्यावर आले आणि नमुना नापास झाला, तर माल घरीच राहतो.

वर्ल्ड बँकेचे पैसे थेट आमच्या खात्यात येतात का?

नाही. बँक भारत सरकारला कर्ज देते, केंद्र ते राज्याकडे देते, राज्याचा प्रकल्प कक्ष ते तुमच्या कंपनीपर्यंत अनुदान म्हणून पोचवतो. एकट्या शेतकऱ्याला यात जागा नाही, गट लागतो. शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गटांचा महासंघ किंवा सोसायटी. कुणी "वर्ल्ड बँकेतून तुमचे वैयक्तिक प्रकरण मंजूर करून देतो" म्हणत दारात आला, तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

मग हे कर्ज फेडतं कोण?

आपणच, करातून. २००५ पासून आपल्यासारख्या राज्यांना असे परदेशी कर्ज ज्या चलनात आणि ज्या अटींवर आले त्याच अटींवर केंद्राकडून पुढे दिले जाते. डॉलर महागला तर वाढलेला बोजा राज्याच्या तिजोरीवर पडतो. म्हणून "फुकटचे परदेशी पैसे आहेत, खर्च झाले काय नि नाही काय" हे बोलणे मला पटत नाही. गावात बंद पडलेल्या एखाद्या प्रतवारी केंद्राचा हप्ता त्याच गावातला माणूस, दिसत नसला तरी, भरत असतो.

स्मार्ट प्रकल्पात मिळतं काय?

पूर्ण नाव बाळासाहेब ठाकरे कृषी व्यवसाय व ग्रामीण परिवर्तन प्रकल्प. जागतिक बँकेने २०१९ च्या डिसेंबरात त्यासाठी २१ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. राज्याचा वाटा धरून सगळा प्रकल्प साधारण २,१०० कोटी रुपयांचा. बँकेचा राज्याच्या शेतमाल बाजारातला हा पहिलाच प्रकल्प नव्हे. २०१० मध्ये मंजूर झालेल्या महाराष्ट्र कृषी स्पर्धाक्षम विकास प्रकल्पातून अनेक बाजार समित्यांच्या आवारांत सुधारणा झाल्या होत्या. स्मार्टचा रोख मात्र बाजार समितीपेक्षा शेतकऱ्यांच्या कंपनीवर आहे. गोदाम, प्रतवारी यंत्र, शीतगृह, प्रक्रिया युनिट अशा भांडवली खर्चाला ६० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते.

पण यंत्राच्या आधी खरेदीदार दाखवावा लागतो. कोण घेणार, किती घेणार, कोणत्या प्रतीचा माल घेणार, हे लेखी. बहुतेक प्रस्ताव इथेच लंगडे पडतात. शेडचा नकाशा रंगीत असतो आणि खरेदीदाराचे पत्र चार ओळींचे, त्यात टन लिहिलेले नसतात. मला विचाराल तर आधी सहा महिने माल विका, तोही भाड्याच्या जागेतून, आणि मग प्रस्ताव करा. विक्रीची बिले जोडलेल्या प्रस्तावात एक जोर असतो, तो प्रकल्प अहवालातल्या आलेखांनी येत नाही.

साठ टक्के अनुदान म्हणजे आपण फक्त चाळीस टक्के घालायचे, बरोबर?

कागदावर बरोबर. खात्यात नाही.

समजा, बेदाणा प्रतवारी आणि पॅकिंगचे युनिट एक कोटीचे आहे. साठ लाख अनुदान, चाळीस लाख तुमचे. पण अनुदान टप्प्याटप्प्याने येते. काम झाले, बिले लागली, तपासणी झाली, मग हप्ता. मधल्या काळात ठेकेदार थांबत नाही, यंत्रवाला तर अजिबात थांबत नाही. अनुदानातले पन्नास लाख सहा महिने उशिरा आले आणि तेवढी रक्कम तुम्ही बारा टक्क्यांनी उचलली असेल, तर तीन लाख रुपये व्याज गेले. हे तीन लाख कुठल्याच प्रस्तावात लिहिलेले मी पाहिलेले नाहीत.

आता खेळते भांडवल. बेदाणा तयार होतो फेब्रुवारी ते एप्रिलच्या आसपास, आणि विकला जातो वर्षभर, रमजान-दिवाळीला जोरात. कंपनीने सभासदांचा शंभर टन माल किलोला दीडशे रुपये धरून उचलायचा म्हटले तर दीड कोटी हंगामातच हवेत. म्हणजे एक कोटीच्या शेडला चालवायला दीड कोटी. शेडला अनुदान आहे, मालाला नाही. शेतकऱ्याला द्यायला हातात पैसे नसले की तो शेजारच्या व्यापाऱ्याकडे जातो. त्याला दोष कसा देणार? त्याला सोसायटीचा हप्ता आहे आणि खरड छाटणीची मजुरी तोंडावर आहे.

तेव्हा संचालकांच्या पहिल्याच बैठकीत विचारा: पहिल्या हंगामात सभासदांचे पैसे कशातून देणार? उत्तरात बँकेचे नाव आणि मर्यादेची रक्कम नसेल तर बांधकामाचा नारळ फोडू नका.

एडीबीच्या मॅग्नेटमध्ये द्राक्ष का नाही?

मॅग्नेट म्हणजे फळे-भाज्या-फुलांच्या काढणीनंतरच्या साखळीसाठीचा राज्याचा प्रकल्प. त्यासाठी एडीबीने २०२१ मध्ये १० कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले आणि अंमलबजावणी राज्य कृषी पणन मंडळाच्या छत्राखाली होते. त्यातली पिके प्रकल्पाच्या कागदातच ठरलेली आहेत. सुरुवातीच्या यादीत केळी, डाळिंब, संत्रा, मोसंबी, पेरू, चिकू, सीताफळ, स्ट्रॉबेरी, भेंडी, मिरची आणि फुले होती. द्राक्ष त्यात नव्हते, हळदही नव्हती. त्यामुळे तासगावकरांना हात चोळत बसावे लागले, पण आटपाडी-जतच्या डाळिंबवाल्यांना आणि महाबळेश्वर-वाईच्या स्ट्रॉबेरीवाल्यांना हा प्रकल्प नेमका बसतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे. पण स्ट्रॉबेरी तोडल्यापासून तिचे घड्याळ सुरू होते, आणि रस्त्यात गाडी दोन तास अडकली तर मानांकन काही ती वाचवत नाही. पूर्वशीतकरण, म्हणजे तोडलेला माल लगेच थंड करणे, आणि शीतवाहन यांच्यावर पैसे घालण्याला तिथे खरा अर्थ आहे. द्राक्ष-बेदाणेवाल्यांनी स्मार्ट किंवा केंद्राच्या योजनांचा रस्ता धरावा.

तीन कोटेशनं कशाला? आम्हाला यंत्रवाला माहीत आहे.

माहीत असू दे. परदेशी कर्जाच्या प्रकल्पात खरेदीची पद्धत ठरलेली असते आणि ती मोडली की अनुदान अडते. एका कंपनीने तीन वेगवेगळ्या दुकानांची कोटेशने आणून दिली होती. तिन्हींत "कन्व्हेअर" या शब्दाची एकच चूक, तिन्हींत बेरजेखालची रेघ एकाच जाडीची आणि किमतींत फरक बरोबर पाच-पाच हजारांचा. तपासणाऱ्या बाईंनी तिन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, काही न बोलता. संचालकांना दुसरा हंगाम थांबावे लागले. खरी कोटेशने मागवायला आठवडा लागतो आणि बहुधा यंत्र स्वस्तातही पडते.

एवढे करार झाले म्हणतात. आमच्या मालाला दर वाढेल का?

आपोआप नाही. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार १ मे २०२२ पासून लागू झाला, ऑस्ट्रेलियाबरोबरचा २९ डिसेंबर २०२२ पासून. स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिश्टेनस्टाइन या चौघांच्या गटाबरोबरचा करार मार्च २०२४ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. त्यात त्या देशांनी पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचे उद्दिष्ट लिहून दिले आहे. ब्रिटनबरोबर सह्या झाल्या २४ जुलै २०२५ रोजी.

आयातशुल्क भरतो तो तिकडचा खरेदीदार. ते शून्य झाले तर पैसे वाचतात त्याचे. त्यातला वाटा तुमच्याकडे यायचा असेल तर दर ठरवताना तुम्हाला ते माहीत असले पाहिजे. "आता तुझी आठ टक्के बचत होते, त्यातली चार इकडे दे" असे म्हणता आले पाहिजे. शुल्काचा आकडा ठाऊक नसलेला निर्यातदार जुन्याच दरात सौदा करतो आणि करार झाल्याची बातमी वाचून खूश होतो.

शिवाय सवलत हवी तर मालासोबत मूळ देशाचा दाखला जोडावा लागतो. तो विदेश व्यापार महासंचालनालयाच्या पोर्टलवरून ऑनलाइन निघतो. दाखला न जोडता कंटेनर गेला तर करार असून नसल्यासारखा.

आणि वारे उलटेही फिरते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा एकाच देशावर बसलेल्यांची झोप उडाली. बांगलादेशाने द्राक्षावरचे शुल्क वाढवले की त्याची कळ थेट आपल्या बागेत येते. दोन-तीन बाजार हाताशी ठेवणे, त्यातला एक देशातला ठेवणे, ही चैन समजू नका.

अफगाणिस्तानचा बेदाणा बिनशुल्क येतो, हे कसलं सहकार्य?

हा प्रश्न तासगावात रागाने विचारतात आणि राग अकारण नाही. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार, म्हणजे साफ्टा, २००६ पासून लागू आहे. अफगाणिस्तान २००७ मध्ये सार्कमध्ये आला. त्या करारामुळे अफगाण बेदाणा शुल्क सवलतीत येतो, तर इतर देशांच्या बेदाण्यावर जबर शुल्क आहे. ही सवलत भारताने शेजारधर्म आणि राजकारण दोन्ही पाहून दिलेली आहे. त्याची किंमत मात्र बेदाणा करणारा जिल्हा मोजतो.

उत्पादकांची खरी तक्रार वेगळीच आहे. चीनचा बेदाणा अफगाणी नावाने येतो, असे ते म्हणतात. इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. सवलत फक्त तिथेच पिकलेल्या मालाला असते, वाटेत पोते बदललेल्या मालाला नसते. २१ सप्टेंबर २०२० पासून सीमाशुल्काचे मूळदेश पडताळणीचे नियम लागू आहेत आणि त्यानुसार आयातदाराला आपला माल खरोखर कुठला, याची माहिती जवळ ठेवावी लागते आणि मागितली की द्यावी लागते. म्हणून निवेदन देताना "अफगाण बेदाणा बंद करा" असे लिहिण्यापेक्षा "अमुक बंदरातून अमुक महिन्यात आलेल्या मालाची मूळदेश पडताळणी करा" असे लिहा. पहिल्या मागणीला परराष्ट्र धोरण आडवे येते. दुसरीला कुणी नाही म्हणू शकत नाही.

सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, पण त्याचा शिक्का पेटीवर किती जण लावतात? किराणा दुकानात सुटा बेदाणा घेणाऱ्याला तो तासगावचा की कंदाहारचा हे कळायला मार्गच नाही.

युरोपला द्राक्ष पाठवताना इतकी कटकट का?

२०१० मुळे. त्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. आपण त्याला लिहोसिन म्हणतो, वाढ रोखायला वापरतात. युरोपात माल अडला, कंटेनर पडून राहिले, निर्यातदार आणि बागायतदार दोघेही झोपले. तोवर ते रसायन तपासणीच्या यादीत नव्हते आणि वापरणाऱ्यांना त्यात काही गैर वाटत नव्हते. त्यानंतर यादी वाढली, प्रयोगशाळा कडक झाल्या, आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा शब्द बागायतदारांच्या रोजच्या बोलण्यात आला.

आजची पद्धत अशी. अपेडा, म्हणजे शेतमाल निर्यातीचे केंद्राचे प्राधिकरण, त्याच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंदणी, प्रत्येक प्लॉटला नंबर, फवारणीची नोंदवही, काढणीच्या आधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन नमुना नेणार, अहवाल स्वच्छ आला तरच पुढची चाल. रॉटरडॅमला एखाद्या पेटीत खोट निघाली तर तो नंबर वाचून कुणाच्या बागेतली पेटी ते इथे सांगता येते. कटकट खरीच. पण याच कटकटीमुळे पुढच्या वर्षी एकाच्या चुकीपायी सगळा जिल्हा अडत नाही.

दोन गोष्टी बजावून सांगतो. अनेक्शर पाच, म्हणजे द्राक्षावर वापरायला शिफारस केलेल्या औषधांची यादी, तिच्याबाहेरचे औषध, दुकानदाराने "सेंद्रिय आहे, टॉनिक आहे" म्हणून दिले तरी मारू नका. बाटलीवर घटक छापलेला नसेल तर मुळीच नाही, कारण टॉनिकच्या नावाखाली काय काय निघते ते प्रयोगशाळेत कळते आणि तोवर फवारणी झालेली असते. आणि नोंदवही त्याच दिवशी भरा. एका पेनाने, एका बैठकीत, तीन महिन्यांची वही लिहिलेली लगेच ओळखू येते. दावण्या रोगाच्या धास्तीने पावसात रात्री मारलेली फवारणी त्या वहीत कधीच नसते आणि अहवालात नेमकी तीच उमटते.

परदेशी खरेदीदारानं पैसे बुडवले तर?

देशी बुडवत नाही का? द्राक्ष हंगामात उधारीवर माल उचलून पसार झालेल्या व्यापाऱ्यांच्या कहाण्या तासगाव-मिरज पट्ट्यात दर वर्षी ऐकू येतात. बेदाण्याच्या सौद्यात, म्हणजे बाजार आवारातल्या लिलावात, निदान एक रिवाज आहे. दिवाळीच्या आधी सौदे बंद ठेवून सगळी येणी-देणी मिटवायची, शून्य पेमेंट करायचे, मगच पुन्हा सौदे. कुणाचे अडकले आहे ते त्या दिवसांत साऱ्या आवाराला कळते आणि लाजेकाजेने पैसे सुटतात.

परदेशी व्यवहारात ही लाज उपयोगी पडत नाही, कागद पडतो. नव्या खरेदीदाराकडून आगाऊ रक्कम किंवा बँकेचे पतपत्र (एलसी) घ्या. केंद्र सरकारची निर्यात पतहमी संस्था, ईसीजीसी, १९५७ पासून याच कामासाठी आहे. तिचा विमा घेतला तर खरेदीदाराची पतही ती तपासते, आणि नुसत्या या तपासणीसाठीसुद्धा तो घ्यावा असे माझे मत आहे. द्राक्षात "माल पाठवा, विकला की हिशेब देऊ" अशी कन्साइनमेंटची पद्धत फार चालते. तिच्यात तुटीचा, कुजीचा, शीतगृहभाड्याचा सगळा खर्च तुमच्या खाती पडतो. किमान दर लेखी ठरल्याशिवाय ती स्वीकारू नका.

सौद्यातली उधळण आणि हा सगळा विषय, संबंध काय?

थेट आहे. सौद्याला उभे राहून पाहा. पंधरा किलोची पेटी फोडतात, बेदाणा टेबलावर ओततात, दहा हात त्यात शिरतात, रंग पाहतात, दोन दाणे तोंडात टाकतात, मूठभर खाली सांडतो आणि पायाखाली जातो. ती तूट शेतकऱ्याची. उत्पादक वर्षानुवर्षे तिच्याविरुद्ध बोलत आले आहेत. आता हाच माल परदेशी खरेदीदाराला दाखवायचा असेल तर हात लावलेला, सांडून भरलेला चालत नाही. बंद नमुना, ओलावा किती, गंधकाचा अंश किती, बुरशीचे विष आहे का, असा छापील अहवाल लागतो. म्हणजे निर्यातीसाठी आणलेली शिस्त देशी सौद्यातही शेतकऱ्याचे वजन वाचवते. स्मार्टसारख्या प्रकल्पांकडून माझी अपेक्षा शेडपेक्षा याची जास्त आहे.

आणि जीएसटीचा घोळ: डिसेंबर २०२४ च्या जीएसटी परिषदेत स्पष्ट झाले आहे की शेतकऱ्याने स्वतः विकलेल्या बेदाण्यावर जीएसटी लागत नाही.

हळदीचं काय?

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. राष्ट्रीय हळद मंडळ जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे मुख्यालय तेलंगणात निजामाबादला गेले, याची सल इथे अजून आहे. सल असू द्या, पण निर्यातदार म्हणून मसाले मंडळाची नोंदणी करायला कुणी अडवलेले नाही. परदेशात हळद रंगावर कमी आणि कुरकुमीन या तिच्यातल्या मुख्य घटकाच्या प्रमाणावर जास्त विकली जाते, शिवाय शिशाचे प्रमाण पाहतात. पॉलिश करताना पिवळेपणासाठी रंग टाकण्याची जुनी खोड एखाद्याच्या गोदामात असेल तर त्याच्या शेजारी आपला माल ठेवू नका.

पूर आला की सगळं मुसळ केरात. त्याला यात काही तरतूद?

आर्थिक टिकाव म्हणजे काय ते सांगलीला शिकवायला नको. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ आणि २०२१ आठवतच असेल. हरिपूरची हळदीची पेवे हे उत्तम उदाहरण. जमिनीत खोल खणलेल्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहायची, वीज नको, भाडे नाममात्र. २००५ च्या पुराने त्यांतली बरीच निकामी केली आणि माल गोदामांत, शीतगृहांत गेला. साठवणुकीचा खर्च तेव्हापासून दर महिन्याच्या बिलात येतो.

जागतिक बँकेच्या साह्याने राज्यात महाराष्ट्र प्रतिसादक्षम विकास कार्यक्रम आखला गेला आहे. कृष्णा खोऱ्यातले पूर नियंत्रण हा त्याचा मोठा भाग. त्यातून नदीची, नाल्यांची, इशारा यंत्रणेची कामे होतात, तुमच्या गोदामाची भरपाई मिळत नाही. ती सोय स्वतः करावी लागते. मालाच्या विम्यात "पूर" हा शब्द आहे का ते पॉलिसी उघडून वाचा. बँकेने काढलेला विमा बऱ्याचदा कर्जाच्या रकमेपुरताच असतो. शेडची जागा निवडताना २०१९ च्या पाण्याची खूण शेजारच्या भिंतीवर शोधा, आणि "इथवर कधी येत नाही" या वाक्यावर विश्वास ठेवू नका. हिशेबाच्या फायली आणि संगणकाची प्रत गावाबाहेर ठेवा. २०१९ नंतर दाव्याचे पैसे कुणाचे लवकर आले आणि कुणाचे अडकले, यातला फरक पुष्कळ ठिकाणी नुसता साठ्याच्या नोंदवहीचा होता.

आम्ही शेतकरी नाही. कुपवाडला आमचं छोटं वर्कशॉप आहे.

मग तुमच्यासाठी रॅम्प. लघुउद्योगांसाठीचा हा केंद्राचा कार्यक्रम, ६,०६२ कोटींचा, त्यातले ३,७५० कोटी जागतिक बँकेचे कर्ज. यात यंत्राला थेट पैसे मिळत नाहीत. उशिरा मिळणारे पेमेंट, बाजारपेठ, तंत्रज्ञान यांतल्या राज्याच्या व्यवस्था सुधारणे हा रोख आहे. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात.

युरोपला नटबोल्ट किंवा पोलादी सुटे भाग जात असतील, स्वतःच्या नावाने किंवा पुण्या-कोल्हापूरच्या मोठ्या कारखान्यामार्फत, तर युरोपियन संघाचे सीमेवरचे कार्बन शुल्क समजून घ्या. माहिती देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला, पैशाचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून. विजेची आणि इंधनाची बिले महिन्यावार लावून ठेवा. मोठा ग्राहक ती मागणारच.

महिला बचत गटाला काही?

आहे. माविमचा, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाचा, नव तेजस्विनी कार्यक्रम आयफाडच्या साह्याचा आहे, आणि स्मार्टमध्येही महिलांचे महासंघ पात्र धरले आहेत. फक्त नवऱ्यांनी चालवलेली "महिला कंपनी" घेऊन येऊ नका. बैठकीत बायकांना प्रश्न विचारतात आणि दोन मिनिटांत कळते.

निर्यातीला कागद कुठले?

आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा क्रमांक, शुल्क ५०० रुपये, घरबसल्या निघतो आणि दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये माहिती अद्ययावत करावी लागते. हे विसरल्याने बंद पडलेले क्रमांक मी पुष्कळ पाहिले. फळे आणि बेदाण्यासाठी अपेडाची नोंदणी, हळदीसाठी मसाले मंडळाची. अन्नपदार्थ म्हणून एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना. ताज्या फळाला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र. कंटेनर आजही न्हावाशेव्यालाच जातो. रांजणीच्या ड्राय पोर्टची, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर तळाची, चर्चा ऐकत एक पिढी निर्यातदार झाली.

सल्लागार दहा टक्के मागतो. द्यावेत का?

प्रस्ताव लिहिण्याची फी द्या, ठरलेली, पावती घेऊन. मंजूर अनुदानातला टक्का मागणाऱ्याला देऊ नका. ज्याला टक्का मिळतो त्याला तुमचे युनिट मोठे व्हावे असे वाटते, ते चालावे असे वाटेलच असे नाही.

तक्रार कुठं करायची?

आधी प्रकल्पाच्या जिल्हा कक्षात, लेखी, पोच घेऊन. मग पुण्याच्या मुख्यालयात. माहिती अधिकार आहेच. जागतिक बँकेची स्वतःची तक्रार निवारण सेवा आहे आणि गंभीर नुकसानीसाठी १९९३ पासून तपासणी मंडळही आहे. एडीबीचीही तशी यंत्रणा आहे. ही दारे प्रकल्पामुळे लोकांचे किंवा पर्यावरणाचे नुकसान झाले तर ठोठावायची. हप्ता लांबला म्हणून वॉशिंग्टनला पत्र लिहिणारे भेटतात, त्यांना तिकडून फार तर नम्र उत्तर येते.

आत्ता नवा प्रस्ताव घेऊन जायचं तर काय सोबत न्यायचं?

स्मार्टसाठी जिल्ह्याच्या आत्मा (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) कार्यालयात, मॅग्नेटसाठी पणन मंडळाच्या विभागीय कार्यालयात. दोन्ही प्रकल्पांना मुदत आहे, म्हणून नवे प्रस्ताव घेताहेत का, हा पहिला प्रश्न. घेत असतील तर सभासदांची अद्ययावत यादी, लेखापरीक्षण झालेले ताळेबंद, कंपनी निबंधकाकडे भरलेल्या वार्षिक विवरणांच्या पावत्या, खरेदीदाराचे टन आणि प्रत लिहिलेले पत्र, बँकेचे तत्त्वतः मंजुरीपत्र. जागेचा सातबारा कंपनीच्या नावे नसेल तर दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेकरार लागेल. तो बहुधा अध्यक्षांच्या चुलत्यांकडून मिळवायचा असतो, त्यामुळे ते काम सगळ्यात आधी सुरू करा.